एका मिलिमीटरची जागा

बागेतल्या किड्यांचे फोटो काढताना मी ट्रायपॉड घरीच ठेवतो. त्याचे पाय पसरून उंची जुळेपर्यंत किडा पानामागे गेलेला असतो, आणि चुकून फांदी हलली तर तो खाली टपकतो. कॅमेरा हातात असला की गुडघे टेकता येतात, पानाखाली डोकावता येतं.

खरी कसोटी फोकसची. किडा सेन्सरवर मूळ आकाराएवढा उमटतो, तेव्हा ॲपर्चर एफ/११ ठेवूनही जेमतेम १ मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. ॲपर्चर आणखी बारीक केलं तर विवर्तनामुळे सगळं चित्रच मऊ पडतं. इतक्या जवळून ऑटोफोकस भटकत राहतो. म्हणून मी लेन्सची रिंग एका जागी ठेवतो आणि स्वतःच सावकाश पुढे झुकतो. कोपर बरगडीला टेकवायचं, डाव्या हाताच्या बोटांत किड्याची काडी धरायची, त्याच हातावर लेन्स विसावू द्यायची. श्वास अर्धा सोडून थांबायचं. डोळे स्पष्ट दिसले की शटर दाबायचं. उरलेली थरथर फ्लॅश सांभाळतो. कमी ताकदीवर त्याचा झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढाच टिकू शकतो. किड्यांच्या तकतकीत पाठीवर उघडा फ्लॅश पांढरे डाग पाडतो, म्हणून त्यापुढे डिफ्यूझर लागतोच.

हे सगळं सरावाने जमतं. फोटो मिळतो तो किड्याची दिनचर्या ठाऊक असली तर. निळ्या पट्ट्यांची मधमाशी दिवसा फुलावर क्षणभर ठरत नाही. संध्याकाळी मात्र तिचे नर वाळक्या काडीला जबड्याने घट्ट धरून झोपतात. उजाडल्यावर, अंगात ऊब येण्याआधी, त्यांच्या डोळ्यांवर फोकस जुळवायला सवड मिळते. कोवळ्या शेंड्यावर मावा दिसला की मी तिथेच बसतो. त्याचा गोड स्राव चाटायला मुंग्या येतात आणि त्याला खायला ढालकिडे.

कढीपत्त्यावरच्या फुलपाखराच्या अळीला डिवचलं, तर ती डोक्यामागून दुभंगलेलं लालसर शिंग काढते आणि उग्र वास सोडते. फोटोत ते फार देखणं दिसतं. तरी ते दिसताच मी मागे सरतो, कारण ती भ्यायल्याची खूण आहे. काहीजण किडे फ्रीजमध्ये गारठवून त्यांचे फोटो काढतात. तो मार्ग मला मान्य नाही. किड्याचं जगणं टिपायला निघालेल्याने त्याच्या जगण्यात ढवळाढवळ करू नये.

ही कला शिकायची असेल, तर महागडी लेन्स घेण्याआधी आपल्या बागेतलं एक झाड निवडा आणि ते रोज बघा. त्यावर कीटकनाशक फवारू नका. वाळक्या काड्या उपटायची घाई करू नका. निळ्या पट्ट्यांच्या माशा अंग थरथरवून टोमॅटो-वांग्याच्या फुलांतले पराग मोकळे करतात. आपल्या फोटोंआधी बागेलाच त्यांची गरज आहे.