बाळंतिणीच्या दाराशी

रात्रीचे अकरा. आज पुन्हा गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या संस्थेच्या आरोग्यदूतांविषयी वाचत बसले. 1995 ते 1998 दरम्यान 39 गावांत या बायका बाळंतिणीच्या घरी जात. बाळाला झोळीत घालून काट्याला टांगत, मिनिटभर श्वास मोजत, गरज पडली तर इंजेक्शनही देत. गावातली, जेमतेम शाळा शिकलेली बाई आणि हातात सुई! डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या असणारच. पण 1999 मध्ये ‘सर्च’च्या बंग दांपत्याने ‘लॅन्सेट’मध्ये आकडा मांडला: नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी घटला. आता अशाच भेटींसाठी आशाताई बाळंतिणीच्या घरी 42 दिवसांत सहा फेऱ्या मारते. बाळंतपण घरीच झालं असेल तर सात.

मला मात्र आमची सुईण आजी आठवतेय. सगळं आवरलं तरी उठायची नाही. चहा निवून जायचा. बाळ नीट अंगावर ओढायला लागेपर्यंत ती तिथंच.