शेंबडीची नोंद

नववीतल्या एका मुलीने वहीची चार पाने माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "सर, विकिपीडियावर घालायचंय. तेवढं तपासून द्या."

विषय होता समुद्रातल्या शेंबडींचा. शेतातल्या बिनशंखाच्या गोगलगाईला आपले शेतकरी शेंबडी म्हणतात; तिचीच ही समुद्रातली बहीण. असल्या प्राण्यावर कोणी चार पाने खर्ची घालावीत, याचे मला नवल वाटले. शास्त्र मी मॅट्रिकपुरतेच शिकलो. पुढचे आयुष्य मराठी शिकवण्यात आणि कादंबऱ्या लिहिण्यात गेले. पण हाती लाल पेन आले की शिक्षकाला सगळेच विषय येतात!

पहिल्याच पानावर मी 'चोरते' या शब्दावर काट मारली. उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर एलिसिया क्लोरोटिका नावाची, पानासारखी हिरवीगार शेंबडी असते. ती शेवाळातला रस शोषते. मात्र त्यातली हरितलवके पचवून न टाकता महिनोन्‌महिने आपल्या अंगात सांभाळते. मुलीने लिहिले होते, 'ती शेवाळाचा हिरवेपणा चोरते.' मी समासात शेरा दिला : 'ही कादंबरी नव्हे.'

"पण सर, शास्त्रज्ञही त्याला चोरीच म्हणतात. त्यांनी ठेवलेल्या नावातच चोर आहे. ग्रीक शब्द आहे तो."

मी मुकाट्याने शब्दाखाली टिंबे देऊन त्याला पुन्हा जिवंत केले.

दुसरे पान मी दोनदा वाचले, आणि ते तपासण्यासाठी नव्हे. २०२१ साली जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केले, की काही शेंबडी आपले डोके धडापासून आपणच तोडून घेतात. ते सुटे डोके हिंडते, शेवाळ खाते आणि काही आठवड्यांत हृदयासकट नवे धड उगवून घेते. माझ्या कादंबरीत हे कोणी खपवून घेतले नसते.

शेवटच्या पानावर मात्र एक ओळ होती : 'आमच्या कातळावर ओहोटीला मी बोटाच्या पेराएवढी हिरवी शेंबडी पाहिली. आजी म्हणाली, पानच चालतंय गो!'

साऱ्या लेखातली हीच ओळ मला आवडली, आणि नेमकी तीच मला काढायला सांगावी लागली.

"म्हणजे मी पाहिलं ते खोटं?"

"खोटं नव्हे. पण तिथे आधी कुठेतरी छापून आलेलंच चालतं. आपण स्वतः पाहिलेलं चालत नाही."

"मग पहिल्यांदा छापणाऱ्याने कुठून आणलं?"

"त्याने पाहिलं. तारीख, वेळ, जागा टिपली, माप घेतलं, जाणकारांना दाखवलं. तू कधी पाहिलीस?"

तिला तारीख आठवेना. ती ओळ तिने स्वतःच खोडली. इतक्या जोराने, की पान फाटले.

त्या रात्री मी माझी पहिली कादंबरी काढून बसलो. पानोपानी समुद्र गाजत होता. कातळावरच्या डबक्यात वाकून पाहिल्याची खूण एकाही पानावर नव्हती; माझे घर तर किनाऱ्यापासून हाकेवर.

अवसेला पाणी खूप मागे हटले, तेव्हा ती, तिची आजी आणि मी कातळावर गेलो. पट्टी बरोबर घेतली होती. दीड तास वाकून माझी कंबर धरली. खेकडे दिसले, कालवे दिसली. परत फिरताना तिने वही उघडून तारीख आणि वेळ घातली, आणि खाली लिहिले : 'पाणी गढूळ. आज दिसली नाही.'