खालची जागा

'वर' आणि 'खाली' हे शब्द आपण किती निःशंकपणे वापरतो! माणूस कष्टाने वर येतो, त्याची उन्नती होते, त्याला उच्चपद मिळते. आणि घसरला की तो खालच्या थराला जातो, त्याची अधोगती होते. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी 1980 साली प्रसिद्ध केलेल्या 'मेटाफर्स वुई लिव्ह बाय' या पुस्तकात अशा दिशावाचक रूपकांची चर्चा केली आहे. अर्थविचार शिकवताना मी वर्षानुवर्षे ती फळ्यावर मांडत आले. ही रूपके संस्कृतीनुसार बदलू शकतात, असेही त्या लेखकांनी नोंदवले आहे. ते वाक्य मी वर्गात वाचून दाखवत असे आणि घाईने पुढे जात असे.

एका नोव्हेंबरमध्ये परिषदेच्या निमित्ताने सोलला गेले होते. परतण्यापूर्वी एक रात्र मोकळी होती, म्हणून आंदोंगजवळच्या हाहवे या गावी मुक्कामाला गेले. नाकदोंग नदी या गावाला वळसा घालून जाते आणि गावाच्या नावाचा अर्थही तोच आहे. र्यू घराण्याचे हे जुने गाव. 2010 साली त्याचा समावेश जागतिक वारसास्थळांत झाला. तरी ते संग्रहालय झालेले नाही. कौलारू आणि गवताने शाकारलेल्या घरांतून माणसे नांदत आहेत, आणि काहीजण आपल्या घरातली एखादी खोली पाहुण्यांना राहायला देतात. पारंपरिक कोरियन घराला 'हानोक' म्हणतात. मी उतरले ते घर गवताच्या छपराचे होते आणि तिथे सत्तरी ओलांडलेली एक आजी राहत होती. मी तिला 'हल्मोनी' म्हणू लागले. कोरियन भाषेत आजीला हाच शब्द आहे.

जोत्यापाशी पादत्राणे काढून ओसरीवर चढावे, कागद लावलेले लाकडी दार सरकवावे आणि वाकून आत जावे. खोलीत खाट नाही, खुर्ची नाही. होती ती फक्त जमीन. तेल दिलेल्या जाड कागदाने मढवलेली, पिवळसर, गुळगुळीत जमीन. तिच्या एका टोकाला मात्र कागद काळपट तपकिरी झाला होता. हल्मोनीने नेमके तिथेच अंथरूण घातले, तळहाताने ते दोनदा थोपटले आणि म्हणाली, "आरेनमोक."

शब्द मला पुस्तकातून ठाऊक होता. मुळात त्यात 'त्' असतो. पुढच्या 'म'मुळे उच्चारात त्याचा 'न्' होतो. वाक् आणि मय यांचे 'वाङ्मय' होते, तसाच हा प्रकार. संधी ओळखल्याच्या आनंदात मी अर्थाकडे वळले. 'आरे' म्हणजे खाली. म्हणजे ही खालची जागा. समोरची, स्वच्छ पिवळी, ती 'विनमोक', वरची जागा. हल्मोनी गेल्यावर मी अंथरूण ओढले आणि तो डाग सोडून वरच्या जागी नेले. डॉक्टरेट भाषाविज्ञानाची असली, तरी रात्री दोन वाजता कुडकुडत जाग यायची ती आलीच.

कोरियन घरात ऊब जमिनीखालून येते. या व्यवस्थेला 'ओन्दोल' म्हणतात. स्वयंपाकघराची जमीन खोलीपेक्षा खोल असते. तिथल्या चुलीचा जाळ आणि धूर खोलीच्या तळाशी बांधलेल्या पोकळ वाटांतून दुसऱ्या टोकाच्या धुराड्याकडे जातो. त्या वाटांवर सपाट दगड बसवलेले असतात, दगडांवर मातीचा गिलावा आणि त्यावर कागद. चुलीलगतचे दगड जाड असतात. ते भरपूर तापतात आणि रात्रभर ऊब धरून ठेवतात. तेच टोक 'खालचे'. पिढ्यान्‌पिढ्या वडीलधारी माणसे आणि पाहुणे यांनाच तिथे बसवण्याचा रिवाज आहे. (आता बहुतेक घरांत जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवतात.) गंमत अशी, की कोरियन भाषेतही थोराला 'वरचा माणूस'च म्हणतात, बसवतात मात्र त्याला खालच्या जागी!

सकाळी हल्मोनीने दार सरकवले आणि रिवाजाप्रमाणे विचारले, "सुखाने झोपलात ना?" आदरणीय व्यक्तीच्या झोपेसाठी कोरियनमध्ये वेगळे क्रियापदच आहे, तेच तिने वापरले होते. मग तिची नजर अंथरुणाकडे गेली आणि चेहरा उतरला. "फार तापलं होतं का?" तिने हळूच विचारले. माझ्यासाठी संध्याकाळी तिने स्वतः लाकडे फोडून चूल पेटवली होती. घरातली सर्वांत चांगली जागा पाहुणीला दिली होती, आणि पाहुणीने ती नाकारली होती. माझ्या पुस्तकी कोरियनमध्ये क्षमा मागण्याची तीन रूपे होती. तिन्ही वापरली. 'मला वाटले, तो डाग आहे,' हे मात्र सांगण्याचे धैर्य झाले नाही.

ती त्या काळपट कागदावर बसली, मला शेजारी बसवून घेतले आणि एक दुलई दोघींच्या पायांवर ओढली. मग हाताने खूण करत, सावकाश, मला कळेल अशा शब्दांत सांगू लागली. नवरा बाजाराहून उशिरा यायचा. त्याच्यासाठी झाकणाचा भाताचा वाडगा ती इथेच दुलईखाली ठेवायची. तो यायचा तेव्हा भात गरमच असायचा.

आमच्या घरी आई ताट झाकून ठेवत असे. वडील दुसऱ्या पाळीहून मध्यरात्री येत. आमच्या जमिनीखाली चूल नव्हती, त्यामुळे ते ताट कधी गरम राहिले नाही; पण ते वाढून झाकून ठेवल्याशिवाय आई आडवी झाल्याचे मला आठवत नाही. आई जाऊन त्या वेळी दोन वर्षे झाली होती. हल्मोनीला हे सांगावे असे फार वाटले; 'झाकलेले ताट' यासाठी शब्द जुळेनात. मी दोन हातांनी ताटाचा आकार केला आणि त्यावर दुसऱ्या ताटाचा. तिने मान हलवली. तिला कळले असावे.

तिने बुटके मेज माझ्यापुढे आणून ठेवले: भात, किमची, सोयाबीनच्या आंबवणाचे कढण. बस दहाची होती. ती येईपर्यंत मी त्या डागावरून उठले नाही.