गोडाला गोडाची जोड

पुरणपोळीबरोबर कटाची आमटी, श्रीखंडाबरोबर पुरी, थालीपिठावर लोण्याचा गोळा, या जोड्या कोणीं जुळविल्या हें आपण कधीं विचारीत नाहीं. आईनें वाढलें, आपण जेवलों, आणि पुढें आपल्या मुलांना तसेंच वाढलें. पण पुरणाच्या गोडव्याला आमटीचा आंबट-तिखटपणाच कां हवा, हें एखाद्या सुगरणीला विचारावें. तिचें उत्तर ऐकण्यासारखें असतें. युरोपांतील लोकांनीं असेंच एक शास्त्र वाइनभोंवतीं रचलें आहे. त्यांतलें नाजुक प्रकरण म्हणजे वाइन आणि चॉकोलेट यांची जोडी. पतिपत्नींनीं एखादी सायंकाळ दोघांपुरती राखावी आणि तिच्यासाठीं ही जोडी मांडावी, अशी तिकडे हौस आहे.

गेल्या दिवाळींत ही हौस आमच्याच घरीं येऊन उतरली. आमचा पुतण्या व त्याची पत्नी पोर्तुगालमध्यें असतात. त्यांच्या लग्नाचा वाढदिवस येथें आला, तेव्हां सूनबाईनें पेटींतून पोर्ट वाइनची लहानशी बाटली आणि काळ्या चॉकोलेटच्या दोन वड्या काढल्या. घरांत थोरली म्हणून किल्ल्या माझ्याकडे. तिनें मला हळूच विचारलें, "काकू, आज संध्याकाळीं गच्चीवरची खोली आम्हांला मिळेल का?" अकरा माणसांच्या घरांत ही मागणी किती मोठी, हें एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या भगिनींना सांगावयास नको. मीं आधीं त्या बाटलीचीच चौकशी केली.

पोर्तुगालच्या उत्तरेस डोरो नदीच्या खोऱ्यांत, डोंगरउतारांवर पायऱ्या बांधून द्राक्षें लावतात. या मुलुखाची हद्द १७५६ सालींच आंखली गेली. रस आंबूं लागला म्हणजे त्यांतील साखरेचा मद्यार्क होऊं लागतो. हें काम अर्ध्यावर आलें कीं त्यांत द्राक्षांचाच तीव्र मद्यार्क ओततात. त्यानें आंबविणारे सूक्ष्म जीव निकामी होतात आणि उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोड असते, आणि जहालही. तिच्यांत शेंकडा सुमारें वीस भाग मद्यार्क असतो.

हा गोडवाच येथें कामाला येतो. जिलबी खाऊन चहा घेतला कीं तोच चहा फिका आणि कडवट लागतो, हा अनुभव कोणाला नाहीं? साखर नसलेली तांबडी वाइन चॉकोलेटबरोबर घेतली तर तिचीही तीच गत होते. चॉकोलेटच्या साखरेपुढें ती आंबट लागते; शिवाय तिचा तुरटपणा आणि कोकोचा कडूपणा एकत्र आले कीं दोन्ही अधिकच चेकाळतात. यावर तोडगा एकच : वाइन चॉकोलेटपेक्षां किंचित् अधिक गोड असावी. काळ्या चॉकोलेटला 'रूबी' नांवाची तांबडी पोर्ट मानवते. तिला पिकल्या फळांचा स्वाद असतो. लांकडी पिंपांत वर्षानुवर्षें मुरलेल्या 'टॉनी' पोर्टला सुक्या मेव्याचा वास येतो, म्हणून ती अक्रोड-बदामांच्या किंवा दुधाच्या चॉकोलेटशीं जुळते. घेण्याचीही रीत आहे. चॉकोलेटचा तुकडा चावूं नये, जिभेवर ठेवावा. कोकोचें लोणी सुमारें चौतीस अंशांवर वितळतें आणि तोंडाची ऊब त्याहून थोडी अधिक. तुकडा आपोआप विरघळतो. मग एक घोट. घाई केली तर दोन्ही वायां.

सूनबाईचे सासरे, म्हणजे आमचे धाकटे भाऊजी, यांच्या कानीं हें गेलें. "आपल्या घरांत मद्य?" म्हणून त्यांनीं भुंवया चढविल्या. नव्वदीच्या सासूबाई म्हणाल्या, "कपाटांत द्राक्षासवाची बाटली आहे, ती काय सरबताची?" सगळे हंसले. द्राक्षासवही धायटीच्या फुलांनीं आंबवितात आणि त्यांतही मद्यार्क उपजतो, हें खरें. पण तें औषध, दोन चमचे, तितक्याच पाण्यांतून घ्यायचें. मद्याचें कोणतेंही प्रमाण प्रकृतीला निर्धोक नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें आहे. भाऊजींची काळजी हंसण्यावारी नेण्याजोगी नव्हती, आणि सूनबाईनेंही ती नेली नाहीं. "चार घोटांपलीकडे आम्ही जाणार नाहीं," ती म्हणाली. "बाटली नसती तर काळ्या द्राक्षांचा रस घेतला असता. आम्हांला वेळ हवा आहे."

या शेवटच्या वाक्याशीं मी थबकलें. आमच्या पिढीचे संसार झाले ते चारचौघांत. नवऱ्याशीं बोलायचें तें स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, आणि तेंही किराणा नि मुलांची फी यांविषयीं. मंडईंतून परततांना दहा मिनिटें दोघांना मिळत, त्यांतच मनांतलें काय तें उरकायचें. एकत्र कुटुंबानें आम्हांला पुष्कळ दिलें : आजारपणांत उशाशीं माणूस, मुलांना आजीची कूस. सवड मात्र दिली नाहीं, आणि ती मागतां येते हेंही आम्हांला ठाऊक नव्हतें. आमच्यांत अशी रीत नाहीं, असें भाऊजी म्हणाले. पण रीति माणसेंच पाडतात. खाण्याच्या चॉकोलेटची वडीसुद्धां इंग्लंडांत ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनें १८४७ सालीं केली. त्याआधीं चॉकोलेट बहुतेक प्यायचीच वस्तु होती. तेव्हां ही जोडीही कांहीं युगायुगांची नव्हे.

मीं किल्ली दिली. सासूबाईंनीं फक्त बजावलें, "मुलांना खालींच वाढा. कोणी वर जाऊं नका."

पोर्टचा तो नियम माझ्या मनांत राहिला आहे. एकाचा दिवस कडू गेला असेल, तर दुसऱ्यानें त्या दिवशीं थोडें अधिक गोड व्हावें; दोघेही तुरट झालीं तर संध्याकाळ नासते. पण कोणाचा दिवस कसा गेला हें कळायला तरी दोघांनीं निवांत बसायला हवें. पुतण्या व सूनबाई परत गेलीं, तरी ती खोली महिन्यांतून एक संध्याकाळ प्रत्येक जोडप्याला द्यायची, असें आतां आमच्या घरांत ठरलें आहे. भाऊजी आणि जाऊबाई चहा नि आल्याच्या वड्या घेऊन वर जातात. आमची पाळी येत्या शनिवारीं आहे.