बाटली नंबर ५३-एन आणि इतर टिपणे

१

दोन महिने एकाच विषयावरचे वाचन चालू आहे: लौकिक, संकट, नेतृत्व. पुस्तके, जुनी कात्रणे, चौकशी आयोगांचे निष्कर्ष. वाचताना समासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा लिहिला गेला आहे. 'तेव्हा हा माणूस कुठे होता?'

२

'अब्रू' शब्द फारसीतून आला. आब म्हणजे पाणी, तेज. रू म्हणजे चेहरा. आपल्याकडे अब्रू जाते, पत बुडते, नाव बद्दू होते. 'प्रतिमा' मात्र उजळता येते, त्यासाठी माणसे पगारावर ठेवता येतात. पत पगारावर मिळत नाही. ती दुसऱ्याने द्यावी लागते.

३

बाळाचे नाव ठेवतात. पुढे लोक नावे ठेवतात. मधे फक्त अनेकवचन आहे.

४

२९ सप्टेंबर १९८२. शिकागो आणि आसपास टायलेनॉलच्या कॅप्सूल घेतलेली माणसे मरू लागली. एकूण सात. दुकानातल्या बाटल्यांत कुणीतरी सायनाइड मिसळले होते. कारखान्याचा दोष नव्हता, आणि तसे म्हणून जॉन्सन अँड जॉन्सनला हात झटकता आले असते. अध्यक्ष जेम्स बर्क यांनी देशभरातल्या सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. खर्च दहा कोटी डॉलरहून अधिक. बर्क वर्तमानपत्रांशी आणि दूरदर्शनवाल्यांशी स्वतः बोलत राहिले. काही आठवड्यांत औषध तिहेरी सील लावलेल्या वेष्टनात परत आले, आणि वर्षभरात गेलेले बहुतेक गिऱ्हाईकही परतले.

आज आपण औषधाची बाटली उघडताना सील तुटलेले नाही ना हे बघतो. ती सवय इथून आली. खुनी अजूनही सापडलेला नाही.

५

तीच कंपनी, २००९. मोट्रिन या वेदनाशामक गोळीच्या काही पाकिटांत दोष निघाला. कंत्राटदाराची माणसे साध्या गिऱ्हाइकासारखी दुकानोदुकानी गेली आणि पाकिटे गुपचूप विकत घेऊन आली. माल परत मागवतो आहोत हे बोलायचे नाही, अशी त्यांना सूचना होती. पुढच्या वर्षी अमेरिकी काँग्रेससमोर सुनावणी झाली.

व्यवस्थापनाच्या वर्गात टायलेनॉल अजून शिकवतात. मोट्रिनही त्याच तासाला शिकवावे.

६

एक्झॉन व्हाल्डेझ हे जहाज २४ मार्च १९८९ रोजी अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. सुमारे १ कोटी १० लाख गॅलन तेल समुद्रात गेले. कंपनीचे अध्यक्ष लॉरेन्स रॉल तिथे सुमारे तीन आठवड्यांनी पोचले.

७

वॉरन अँडरसन मात्र लगेच आला होता. भोपाळची वायुगळती २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची. युनियन कार्बाइडचा हा अध्यक्ष ७ डिसेंबरला भोपाळला उतरला. अटक झाली, २५ हजार रुपयांच्या जामिनावर सुटला, सरकारी विमानाने दिल्लीला गेला आणि तिथून मायदेशी. खटल्यासाठी कधीच परतला नाही.

म्हणजे 'कुठे होता' हा माझा प्रश्न पुरेसा नाही. त्या रात्री हमिदिया रुग्णालयात हजारो लोक डोळे चोळत, खोकत येत होते. नेमका कोणता वायू आहे आणि त्यावर उतारा काय, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक असायला हवे होते त्यांनी ते तिथे पोचवले नाही. माणूस विमानाने येण्याच्या आधी माहिती फोनवरून यायला हवी होती.

८

१८९७ ची नोंद, महिन्यांप्रमाणे.

१० जानेवारी. मुंबई. प्लेगची लस तयार करणाऱ्या वाल्देमार हाफकिन याने ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना.

१० मार्च. पुणे. सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दत्तक मुलगा यशवंतराव यांच्या दवाखान्यात आल्या होत्या. वय ६६.

२२ जून. पुणे. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची रात्र. गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी प्लेग कमिटीच्या रँडवर गोळी झाडली. रँडच्या कारकिर्दीत गोरे सोजीर बुटांनिशी स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत होते.

हाफकिन, सावित्रीबाई, रँड. तिघेही एकाच रोगाशी लढत होते.

९

हाफकिनची पुढची हकीकत मला सर्वांत जास्त शिकवून गेली, म्हणून ती सविस्तर लिहून ठेवतो.

ओडेसात जन्मलेला हा ज्यू जंतुशास्त्रज्ञ. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात त्याची प्रयोगशाळा होती आणि तिथून लाखो मात्रा देशभर जात होत्या. तरुण आगाखानांनी लोकांसमोर लस टोचून घेतली होती, लोकांची भीती त्यामुळे बरीच कमी झाली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस दिली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. त्या १९ जणांना लस एकाच बाटलीतून दिलेली. बाटली नंबर ५३-एन.

सरकारी चौकशीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिनने निर्जंतुकीकरणासाठी कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णतेची पद्धत घेतली होती, तिच्यावर संशय गेला. त्याला पदावरून काढले. ज्याने शेकडो गावे वाचवली तो निष्काळजी ठरला.

वस्तुस्थिती गावातच होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले होते. त्या एका बाटलीखेरीज कुठेही काही झाले नव्हते. हे कागदांत होते. कागद वाचून बोलायला कुणी तयार होईपर्यंत पावणेपाच वर्षे गेली. १९०७ च्या जुलैत रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हाफकिनच्या बाजूने पत्र लिहिले. त्यानंतर सरकारने त्याला दोषमुक्त केले. तो हिंदुस्थानात परत आला, पण नेमणूक कलकत्त्याला झाली, परळला नाही.

संकटात लौकिक कसा राखावा यावर पुष्कळ लिहिले जाते. निर्दोष माणसाचा लौकिक त्याच्या वरिष्ठांनी कसा बुडवला, यावर फार थोडे. वरिष्ठांना घाई होती. गुन्हेगार हवा होता, आणि परका माणूस सोयीचा होता. ज्यांनी रॉसबरोबर सह्या केल्या त्यांना त्यातून काही मिळणार नव्हते. नेतृत्व म्हणतात ते मला त्या पत्रात दिसते.

परळची ती प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट आहे.

१०

लहानपणचे. आमच्या तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेबद्दल बोभाटा झाला: पैसे संपले. सकाळी आठला दारात रांग. व्यवस्थापक साडेआठला आले. शिपायाला त्यांची एकच ताकीद होती, शटर अर्धेसुद्धा खाली ओढायचे नाही. म्हाताऱ्यांना आत बाकावर बसवले. माझी आजी पावती घेऊन गेली होती. ते म्हणाले, "मावशी, आज न्यायचे असतील तर आज न्या. मुदत मोडली तर व्याज थोडे कमी मिळेल, तेवढे सांगून ठेवतो."

रात्री अकरापर्यंत ते काउंटरवर बसले होते. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी रांग नव्हती. आजी पावती घेऊन परत आली होती. ती मोडली नाही.

११

सप्टेंबर २०१९. रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले. खातेदाराला सहा महिन्यांत एक हजार रुपये काढता येतील, असा पहिला आदेश. एकूण कर्जातले सुमारे ७३ टक्के एकाच बांधकाम उद्योगसमूहाला दिलेले होते आणि ते एकवीस हजारांवर बनावट खात्यांआड झाकलेले होते. मुंबईत शाखांपुढे माणसे रडत होती. त्यांत निवृत्त माणसे होती, लग्नासाठी पैसे ठेवलेली घरे होती.

ठेवीदारांना कळवणारा पहिला संदेश मोबाइलवर आला.

१२

सप्टेंबर २००८: उत्तम कंपनी प्रशासनासाठी 'गोल्डन पीकॉक' पुरस्कार, सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस.

७ जानेवारी २००९: सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचे कबुलीपत्र. हिशेबात दाखवलेली पाच हजार कोटी रुपयांहून अधिक रोख आणि बँकेतली शिल्लक अस्तित्वातच नव्हती.

पुरस्कार नंतर काढून घेतला.

१३

क्षमा, दिलगिरी, खेद.

क्षमा मागावी लागते. मागणारा समोर असतो, आणि ती द्यायची की नाही हे दुसऱ्याच्या हातात असते. दिलगिरी व्यक्त करतात. द्यायला-घ्यायला काही उरत नाही. खेद नुसता 'आहे'. कंपन्यांची आणि कार्यालयांची निवेदने बहुतेक तिसऱ्या शब्दात असतात. कुणी पहिला शब्द वापरला तर मी तो कागद जपून ठेवतो. अजून पातळ फाइल आहे.

१४

ऑक्टोबर २००३, मुंबई. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या. कंपनीने आधी दुकानांतल्या साठवणुकीकडे बोट दाखवले. मग वेष्टन बदलले आणि जाहिरातीत अमिताभ बच्चन आले. लोकांना जाहिरात आठवते. मला वेष्टन महत्त्वाचे वाटते. दुकानदार माल उन्हात ठेवतो हे खरे असेल, तर उन्हात टिकेल असे वेष्टन देणे हे कंपनीचे काम आहे.

१५

मॅगी, २०१५. ५ जूनला देशभर बंदी, १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, नोव्हेंबरात मॅगी दुकानात परत. मधल्या काळात हजारो टन नूडल्स सिमेंटच्या भट्ट्यांत जाळल्या. कोर्टात कंपनीची बाजू टिकली. पण सुरुवातीचे आठवडे ती जवळपास गप्प होती, आणि त्या आठवड्यांत घरोघरच्या आयांनी आपला निर्णय करून टाकला होता.

१६

१२ मार्च १९९३, शुक्रवार. मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका. मुख्यमंत्री शरद पवार यांनी दूरदर्शनवर स्फोटांची ठिकाणे सांगताना एक जास्तीचे सांगितले: मशीद बंदर, मुस्लिम वस्तीचे. तिथे स्फोट झालेला नव्हता. डिसेंबर-जानेवारीच्या दंगली ताज्या होत्या आणि हल्ला एकाच धर्माच्या लोकांवर आहे असे वाटू नये, हा हेतू. नंतर त्यांनी हे स्वतःच उघड सांगितले.

सोमवारी शेअर बाजार उघडला.

मशीद बंदरचे ते खोटे मला मान्य आहे, कारण ते बोलणाऱ्याला वाचवण्यासाठी नव्हते. पण कुठल्याही पुस्तकात नियम म्हणून ते छापू नये.

१७

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेले. पहाटे चारला काही मिनिटे असताना किल्लारीला भूकंप. मुख्यमंत्री तेच. त्याच दिवशी किल्लारीत.

१८

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील एक हिंदी वाक्य बोलून गेले. मोठ्या शहरात अशा लहानसहान गोष्टी होतात, असा त्याचा अर्थ निघत होता. १ डिसेंबरला राजीनामा.

तासगावजवळच्या अंजनी गावचा हा माणूस. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान त्यांनी राज्यभर नेले, गावेच्या गावे हातात झाडू घेऊन उतरली. राजीनाम्यानंतर पुढच्या वर्षी ते पुन्हा गृहमंत्री झाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये आर. आर. आबा गेले. शहरात त्यांच्याविषयी बोलताना अजून ते वाक्य निघते, आणि खेड्यात अभियान. एका वाक्याला इतके वजन देणे मला अन्याय वाटतो. तरी राजीनामा योग्यच होता.

१९

२६ नोव्हेंबरच्या त्याच रात्री ताजमहाल हॉटेलात. आचारी, वेटर, टेलिफोनवरच्या मुली यांना मागच्या वाटा तोंडपाठ होत्या. त्या वाटांनी त्यांनी पाहुण्यांना बाहेर काढले, आणि त्यांतले काही जण त्यात मेले. महाव्यवस्थापक करमबीर कांग यांची पत्नी आणि दोन मुले सहाव्या मजल्यावर अडकली होती. ती वाचली नाहीत. कांग खाली काम करत राहिले.

पुढे व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांनी याचा अभ्यास केला. या माणसांना ते कुणी शिकवले होते, हा त्यांचा प्रश्न होता. त्या रात्रीसाठी अशी सूचना कुणाच्याही नियमपुस्तिकेत नव्हती.

२०

नोव्हेंबर १९५६, अरियालूर. रेल्वे अपघातात शंभराहून अधिक मृत्यू. रेल्वेमंत्री लाल बहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला. काही महिन्यांपूर्वी महबूबनगरच्या अपघातानंतरही दिला होता, तेव्हा तो स्वीकारला गेला नव्हता. रूळ त्यांनी उखडले नव्हते, पूल त्यांनी बांधला नव्हता.

२१

'बूंद से गई वो हौद से नहीं आती' हे आपण मराठीतही सर्रास म्हणतो. टायलेनॉल परत आले. हाफकिन परत आला. म्हणून समासात या म्हणीपुढे मी प्रश्नचिन्ह केले आहे.

२२

भोपाळच्या कारखान्याच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनरांतून पिथमपूरला हलवला. जूनच्या अखेरीस तो जाळून संपला. गळतीला तेव्हा चाळीस वर्षे होऊन गेली होती.