फरक कशाचा?

मेंदूवर काम करते असं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे सूक्ष्मदर्शक आणि पांढरा कोट उभा राहतो. मी मेंदूला कधी हात लावलेला नाही. माझ्याकडे येतात त्या फाइली. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूच्या गोठवलेल्या तुकड्यातून आरएनए, म्हणजे चालू असलेल्या जनुकांच्या प्रती, काढतात, यंत्र तो वाचतं आणि माझ्या पडद्यावर ए, सी, जी, टी या चार अक्षरांचे कोट्यवधी तुकडे उतरतात. प्रत्येक तुकड्याच्या चार ओळी: पहिलीत ओळखक्रमांक, दुसरीत अक्षरं, तिसरीत अधिकचं चिन्ह आणि चौथीत प्रत्येक अक्षराबद्दल यंत्राला किती खात्री आहे त्याची सांकेतिक नोंद. गुण ३० असेल तर ते अक्षर चुकीचं असण्याची शक्यता हजारात एक. या चौथ्या ओळीवर माझा जीव आहे. उत्तरासोबत स्वतःची शंकाही लिहून देणारे सहकारी फार थोडे भेटतात.

पुणे विद्यापीठातून जैवमाहितीशास्त्र शिकून बाहेर पडले, तेव्हा मानवी जनुकसंचाचा प्रकल्प नुकताच, २००३मध्ये, पूर्ण झाला होता. तीनशे कोटी अक्षरं हाती आली, आता रोगांची कारणं वाचून काढायची, असा तेव्हाचा उत्साह. हंटिंग्टनच्या आजाराने तशी आशाही लावली होती. १९९३मध्ये सापडलेल्या त्या एका जनुकात सीएजी ही अक्षरं लागोपाठ ४० किंवा अधिक वेळा आली, की आजार जवळजवळ ठरलेला. बाकीचे आजार इतके सरळ निघाले नाहीत. स्किझोफ्रेनियाच्या २०२२च्या मोठ्या अभ्यासात जनुकसंचातल्या २८७ जागांशी संबंध दिसला आणि त्यातल्या बहुतेक जागांचा वाटा किरकोळ. इतके बारीक फरक शोधायला निघालं की खोटे फरक ढिगाने सापडतात. माझी नोकरी त्यांच्यावरच चालते.

कोणत्या जनुकाचे किती तुकडे आले ते मोजून तक्ता होतो: एका बाजूला वीसेक हजार जनुकं, दुसऱ्या बाजूला रुग्णांचे आणि निरोगी माणसांचे नमुने. कुठल्या जनुकांच्या चालण्यात फरक आहे, याची यादी संगणक काही मिनिटांत काढून देतो. तो फरक कशाचा, हे तो सांगत नाही.

यादीच्या डोक्यावर एमबीपी आणि पीएलपी१ दिसली, की मी रोगाचा विचार बाजूला ठेवते आणि सुरीचा करते. ही जनुकं चेतातंतूंवरचं आवरण, मायलिन, बनवणाऱ्या पेशींत जोरात चालतात आणि त्या पेशी मेंदूच्या पांढऱ्या भागात दाटीने असतात. तुकडा कापताना सुरी जरा खोल गेली, करड्या भागाबरोबर पांढराही आला, की तक्त्यात 'फरक' तयार. अल्झायमरमध्ये याच्या उलटी अडचण. चेतापेशींची जनुकं मंदावलेली दिसतात, पण त्या आजारात चेतापेशीच मरत असतात. गावातला विजेचा वापर घटला, तर लोकांनी दिवे कमी लावले की घरांना कुलपं लागली, हे एकट्या बिलावरून कसं कळणार?

त्यासाठी आता एकेका पेशीचा हिशेब वेगळा मांडतात. गोठवलेला मेंदू वितळताना पेशी फुटतात, केंद्रकं मात्र टिकतात, म्हणून केंद्रकंच वाचायची, प्रत्येक आपापल्या वेगळ्या थेंबात. इथेही सापळे आहेतच. एकाच केंद्रकात एसएनएपी२५ हे चेतापेशीचं जनुक आणि एमबीपी दोन्ही भरघोस दिसली, की नवा विद्यार्थी 'मॅडम, पेशीचा नवा प्रकार!' म्हणत धावत येतो. बहुतेक वेळा एका थेंबात दोन केंद्रकं शिरलेली असतात. मायटोकॉन्ड्रियाचा आरएनए फार आढळला तरी मी सावध होते. मायटोकॉन्ड्रिया केंद्रकाबाहेर असतात, तेव्हा हा केंद्रकाला चिकटून आलेला फुटक्या पेशींचा गाळ.

सगळ्यात आधी मात्र मी एक साधी तपासणी करते. झिस्ट हे जनुक सहसा स्त्रियांच्या पेशींत चालतं, आरपीएस४वाय१ हे वाय गुणसूत्रावर असतं. नोंदवहीत 'पुरुष' आणि तक्त्यात भरपूर झिस्ट, म्हणजे कुठेतरी नळ्यांची अदलाबदल झाली. ही तपासणी आली की प्रयोगशाळेत थोडा वेळ कोणी कोणाशी बोलत नाही.

काही गोष्टी मात्र मागाहून निस्तरता येत नाहीत. सगळे रुग्णांचे नमुने सोमवारी आणि सगळे निरोगी गुरुवारी चालवले, तर रोग आणि वार वेगळे काढायला कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगी पडत नाही. १९३८मध्ये कोलकात्याच्या संख्याशास्त्र परिषदेत रोनाल्ड फिशर यांनी बजावलं होतं, की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगणं. फार तर तो मृत्यूचं कारण सांगेल. मेंदूच्या नमुन्यांवर काम करणाऱ्याला हे वाक्य जरा जास्तच झोंबतं. म्हणून फ्रीझरचं दार उघडण्याआधीच्या बैठकीला मी हटकून जाते. कोणता नमुना कोणत्या दिवशी, कोणाच्या हातून, हे तिथेच चिठ्ठ्या टाकून ठरवायचं.

एवढं सगळं वजा केल्यावर उरणारी जनुकं कधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात, कधी एकही नसतं. उरलेल्या एकेका जनुकावर प्रयोगशाळेतल्या कोणाचं तरी अख्खं वर्ष जाणार असतं, आणि तो मेंदू कोणाच्या तरी घरच्यांनी दुःखाच्या घटकेला सही करून दिलेला असतो. त्या दोघांना पोकळ यादी देणं मला जड जातं.

म्हणून नव्या विद्यार्थ्याला मी आधी कागद देते. रोग सोडून आणखी कशाकशामुळे हे आकडे बदलू शकतील, ते लिहून आण: वय, मृत्यूनंतर उलटलेले तास, औषधं, सुरी, वार. कागद बऱ्यापैकी भरला, की मग त्याला डेटाचा पासवर्ड मिळतो.