हिरवे बटण, तांबडे बटण

अब्बांच्या उजव्या हाताचे मधले बोट अर्धेच आहे. आम्ही तिघे भाऊ लहान होतो. जळगावात भरदुपारी वीज गेली, रंधा मशीन थांबले. अब्बांनी आत अडकलेली ढलपी काढायला हात घातला आणि नेमकी वीज परत आली. त्यानंतर त्यांनी आम्हांला कधी मशीनला शिवू दिले नाही. आम्ही शिकलो, नोकऱ्यांना लागलो.

मेहरूण तलाव बघत वाढलेल्या आम्हांला यंदा घरीच लाकडी कयाक बांधायची हुक्की आली. उत्तर ध्रुवाकडच्या इन्यूइट लोकांची ही एकट्याने वल्हवायची अरुंद नाव. ते सांगाड्यावर सीलचे कातडे चढवीत. आम्ही 6 मिलिमीटर जाड आणि 20 मिलिमीटर रुंद पट्ट्या साच्यावर एकीला एक चिकटवणार होतो. पट्टीची एक कड गोल आणि दुसरी पन्हळीसारखी खोल केली की वळणावरही फट राहत नाही. साडेचार मीटरच्या नावेला साठेक पट्ट्या, प्रत्येकीच्या दोन कडा, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून जास्त काम. हातरंध्याने ते कधी संपायचे? राउटर हवाच.

पण कोणता? धुळ्याचे चाचा दारे-चौकटी करतात. त्यांनी आपले 12 मिलिमीटर कॉलेटचे जड मशीन देऊ केले. जळगावच्या दुकानदाराने मुठीत मावणारा स्वस्त ट्रिमर पुढे केला. आम्ही भांडत बसलो. अब्बा एवढेच म्हणाले, "बेटा, आधी लाकडाला विचारा."

लाकडाला विचारले. कापायचे जेमतेम 3 मिलिमीटर. त्याला चाचांच्या मशीनची ताकद नको. पण एवढ्या बारीक पट्टीवर मशीन टेकवता येत नाही. ते टेबलाखाली उलटे बसवून पट्टीच पात्याच्या फिरण्याच्या उलट दिशेने सरकवावी लागते. तासन्‌तास चालायचे, तर ट्रिमर तापणार. म्हणून आम्ही मधले घेतले: 8 मिलिमीटर कॉलेट, वेग कमी-जास्त करता येणारे, उंची घट्ट धरणारे. गोल कड आधी काढायची, खोल कड मागून, कारण तिचे ओठ नाजूक, लगेच तुटतात.

मशीन घरी आले. अब्बांनी ते उलटेपालटे करून पाहिले आणि विचारले, "वीज गेली आणि परत आली तर?"

आम्ही तिघेही गप्प. याचे बटण दाबून अडकवले की ते चालूच राहते.

दुसऱ्या दिवशी टेबलाला वेगळे बटण बसवले, शेतातल्या पंपाच्या स्टार्टरसारखे, हिरवे आणि तांबडे. वीज गेली की ते आपोआप सुटते. परत आली तरी हिरवे दाबल्याशिवाय मशीन फिरत नाही. रात्रीच्या विजेसाठी शेतकरी स्टार्टरला ऑटो जोडतात. आम्ही जोडला नाही.

नाव अजून अर्धीच आहे. पहिली पट्टी आम्ही सरकवली तेव्हा अब्बा तांबड्या बटणावर बोट ठेवून उभे होते. तेच अर्धे बोट. पट्टी पार निघाली, तेव्हा त्यांनी ते दाबले आणि म्हणाले, "आता दुसरी आणा."